पुण्याची मात्रा

मित्रांनो, माझ्या तोंडावरची अक्षरे उलटी आहेत. आरशासमोर धरलीत तरच ती सरळ वाचता येतील. मी एक जुना पितळी शिक्का आहे. उंची अडीच इंच, वजन एकशे दहा ग्रॅम, वर शिसवी मूठ आणि खाली रुपयाएवढे गोल तोंड. माझे काम एकच. वितळलेल्या लाखेवर दाबले जायचे आणि सांगायचे, की ही गाठ अमुक दिवशी, अमुक माणसांसमोर बांधली, आणि त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. अठ्ठावीस वर्षे मी हे सांगत आलो आणि ते खरे होते. गेल्या दसऱ्याला माझ्याकडून चार वेळा खोटे वदवून घेतले गेले. ते कसे घडले ते क्रमाने सांगतो.

माझा जन्म बोहरी आळीमागच्या एका जिन्याखालच्या दुकानात झाला. दुकान जब्बारभाईंचे. रुंदी इतकी, की गिऱ्हाईक उभे राहिले की उजेड बंद होई. जब्बारभाई शिक्के, पदके आणि दारावरच्या नावाच्या पाट्या कोरत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझ्या तोंडावर एका पोलीस पथकाच्या नावाची आद्याक्षरे आणि खाली 'पुणे' हा शब्द उलटा कोरला. काम संपल्यावर त्यांनी मला लाखेवर दाबून पाहिले आणि न्यायला आलेल्या तरुण शिपायाला एक सूचना दिली.

"मात्रा जरा खोल गेली आहे. खोल रेघ झिजत नाही, पण मळही तिच्यातच बसतो. वर्षातून एकदा सुईने काढत जा."

शिपायाने मान डोलावली आणि मला खिशात टाकले. त्याचे नाव दत्तोबा. पुढे तो हवालदार झाला, त्याचे केस पांढरे झाले. सुई मात्र त्याने एकदाही हातात घेतली नाही.

पहिली काही वर्षे माझ्या लाखेखाली बहुतेक गांजाच असे. तो दुरून येई, ट्रकमध्ये, कांद्याच्या पोत्यांखाली. मग तपकिरी पूड आली. काडेपेटीत मावतील अशा कागदी पुड्या, आणि ती ओढून पुलाखाली पडलेली माणसे. दोन्ही वेळी माल बाहेरून शहरात येत असे. नाक्यावर ट्रक अडवला, की दत्तोबा मेणबत्ती पेटवत, सुतळीच्या गाठीवर लाख ठिबकवत, जिभेवर ओला केलेला अंगठा माझ्या तोंडावरून फिरवत आणि मला दाबत.

मग पांढरी पावडर आली. कागदावर तिचे नाव लांबलचक असते. बोलताना सगळे एमडी म्हणतात. तिने सगळी दिशाच बदलली. गांजाला शेत लागते, पाऊस लागतो. या पावडरीला बंद पडलेला एखादा कारखाना, भाडेकरार, रसायनशास्त्र शिकून घरी बसलेला एखादा माणूस आणि डब्यावर दुसऱ्याच कशाचे तरी लेबल एवढे पुरते. आता माल शहरात येत नव्हता. तो शहराच्या उंबरठ्यावर तयार होऊन शहरातून बाहेर जात होता. माझी लाख गोणपाटावरून कुरियरच्या खोक्यांवर आली. मी खेळण्यांचे डबे मोहोरबंद केले, व्यायाम करणाऱ्यांच्या पावडरीचे डबे केले, एकदा तर लग्नाच्या आहेराचे खोके केले.

या धावपळीत जब्बारभाईंची सूचना खरी ठरली. लाखेचा एक कण मात्रेत अडकला, त्यावर दुसरा बसला, आणि अकरा वर्षांपूर्वी ती खोल रेघ पूर्ण बुजली. तेव्हापासून मी लाखेवर 'पुण' एवढेच उमटवू लागलो. कोणाच्या लक्षात आले नाही. ज्यांच्या आले त्यांना त्याचे काही वाटले नाही. मलाही त्याची सवय झाली.

मित्रांनो, इथे आमच्या कामातली एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. पोलीस एखादा माल पकडतात तेव्हा दोन साक्षीदार सोबत नेतात. त्यांना पंच म्हणतात. पंचांसमोर मालाच्या पिशव्या बांधतात, मोहोर लावतात, सगळे कागदावर लिहितात. त्या कागदाला पंचनामा म्हणतात. मोहोर लावून झाली की माझ्यासारखा शिक्का पोलिसांकडे ठेवत नाहीत. तो पंचाच्या हवाली करतात. पिशव्या पोलिसांकडे, शिक्का पंचाकडे. म्हणजे पोलीस ठाण्यातल्या कोणाला पिशवी उघडून आतला माल बदलायचा मोह झाला, तरी पुन्हा तशीच मोहोर लावता येऊ नये. कुलूप एकाच्या घरी आणि किल्ली दुसऱ्याच्या.

गेल्या नवरात्रात सप्तमीला मला अशाच एका पंचाच्या हाती दिले गेले.

शहरापासून तासाभराच्या अंतरावर एका औद्योगिक वसाहतीत धाड पडली. कारखान्यावर धुण्याच्या पावडरीची पाटी होती. आत नऊ पिशव्या निघाल्या, एकूण एकोणचाळीस किलो. पंच म्हणून आणलेले गृहस्थ होते श्रीधर. खडकवासल्याकडच्या एका सरकारी कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक होते. धरणाच्या पाण्याची पातळी रोज सकाळी वाचून नोंदवणे हे त्यांचे काम. एकतीस वर्षांत त्यांच्या नोंदीत खाडाखोड झाली नव्हती, असे त्यांच्यासोबत आलेले दुसरे पंच कौतुकाने सांगत होते.

दत्तोबांनी नऊ गाठींवर लाख टाकली, मला नऊ वेळा दाबले आणि मग पंचनाम्याच्या शेवटच्या पानावर माझा नमुना उमटवला. पुढे कधी तुलना करायची वेळ आली तर असावा म्हणून असा नमुना घेतात. श्रीधर सही करायला वाकले आणि थांबले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून लाखेकडे जवळून पाहिले.

"हवालदारसाहेब, पुण्याला मात्रा असते."

"अहो, अकरा वर्षं पुणं बिनमात्रेचंच चाललंय," दत्तोबा म्हणाले. "कुणाचं काही अडलं नाही. करा सही."

"सही करतो. पण जे आहे ते लिहून करतो."

आणि नमुन्याच्या बाजूला त्यांनी बारीक, नेटक्या अक्षरांत एक ओळ लिहिली: 'शिक्क्यातील पुणे या शब्दावरील मात्रा उमटत नाही.' खाली तारीख आणि सही. धाड घालणाऱ्या पथकाच्या साहेबांनी ते वाचून दत्तोबांकडे पाहिले. दत्तोबा हळूच म्हणाले, "सदाशिव पेठेतले आहेत, साहेब." सगळे हसले. श्रीधरही किंचित हसले आणि मला रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवले.

पिशव्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत गेल्या. त्यातून तपासणीसाठी नमुने काढायचे ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, आणि ती तारीख होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मधले दिवस मला श्रीधरांच्या घरी काढायचे होते. तेवढेच दिवस धोक्याचे होते. एकदा नमुने प्रयोगशाळेत गेले, की त्या पिशव्यांत काय होते हे कोणालाही बदलता आले नसते.

श्रीधरांनी मला कुठे ठेवले असेल? कपाटात नाही. कपाटाची किल्ली मंदाकिनीबाईंकडे, त्यांच्या पत्नीकडे असे, आणि कपाट दिवसातून दहा वेळा उघडे. त्यांनी मला देवघरात, समईच्या मागे ठेवले. देवापुढच्या वस्तूला घरात कोणी हात लावत नाही, हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता. फक्त एक दिवस त्यांच्या ध्यानात राहिला नाही.

अष्टमीला दुपारी त्यांचे जुने वरिष्ठ घरी आले. नाव रविराज. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, उंच, मृदू बोलणारे. श्रीधर त्यांना अजूनही साहेब म्हणत. मंदाकिनीबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी याच साहेबांनी श्रीधरांना दोन महिने रजा दिली होती, कागद न हलवता. चहा झाला. धरणात पाणी किती, पुलाचे काम कधी संपणार, असे बोलणे झाले. मग साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, की त्यांच्या एका परिचिताचा कारखाना अडचणीत आला आहे. बिचाऱ्याने जागा फक्त भाड्याने दिली होती. श्रीधरांकडे एक वस्तू आहे. ती तासाभरासाठी मिळाली तर बरे होईल. तशीच परत मिळेल.

श्रीधरांनी सांगितले, की ती वस्तू त्यांची नाही. साहेबांनी आग्रह केला नाही. उठता उठता त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला. त्यात श्रीधरांची मुलगी अस्मिता होती. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती नोकरी करत असे.

"अस्मिता अजून कंपनीच्या बसनेच जाते ना? पाऊण तास आधी निघावं लागत असेल. सकाळी आठ वीस, स्वारगेटच्या अलीकडचा थांबा." साहेब चप्पल घालत म्हणाले. "येताना अंधार होतो. सांभाळून राहा म्हणावं."

मंदाकिनीबाईंनी आतून विचारले, की साहेबांना बसची वेळ कशी माहीत.  श्रीधर दाराची कडी लावून तिथेच उभे होते. मला देवघरातून त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

मित्रांनो, नवमीला खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशी माणसे आपापल्या अवजारांची पूजा करतात, आणि पूजेआधी घरातले सगळे पितळ घासून लखलखीत करतात. श्रीधर सकाळी कामावर गेले होते. मंदाकिनीबाईंनी समई, निरांजन, घंटा, तांब्या मोरीत आणला, आणि त्यांच्यासोबत मलाही. चिंचेचा कोळ, मीठ, आणि नारळाच्या शेंडीचा चोथा. त्यांनी मला हातात फिरवून पाहिले, माझ्या तोंडातला काळा मळ पाहून नाक मुरडले आणि मग केसातली पिन काढून तो टोकरला. अकरा वर्षांची लाख तुकड्या तुकड्याने सुटली आणि पाण्याबरोबर वाहून गेली. माझी मात्रा मोकळी झाली.

संध्याकाळी श्रीधरांनी मला पाहिले. मी समईच्या शेजारी चमकत होतो. त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, याला कशाला हात लावलास?"

"पितळ काळं ठेवायची या घरात पद्धत नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सरकारचं असलं तरी."

श्रीधरांनी मला उलटसुलट करून पाहिले. पण त्या दिवशी त्यांचे मन बसथांब्यावर होते. त्यांनी मला पुन्हा समईच्या मागे ठेवले. मोकळी झालेली मात्रा त्यांनी पाहिली की नाही, मला सांगता येणार नाही. पाहिली असती तर पुढचे काही टळले असते का, हेही सांगता येणार नाही.

दसऱ्याला सकाळी अस्मिताला सुट्टी होती. ती पूजा आटोपून एका मैत्रिणीकडे गेली. बारा वाजता रविराजसाहेब आले. हातात आपट्याची पाने होती. आपल्याकडे दसऱ्याला ही पाने सोने म्हणून देतात, घेणारा मोठ्याला वाकून नमस्कार करतो आणि त्यालाही पान देतो. साहेबांनी श्रीधरांच्या हातावर पान ठेवले.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. वहिनी, तुम्हालाही."

मंदाकिनीबाई नमस्कार करून पुरण बघायला आत गेल्या. साहेब खुर्चीत बसले नाहीत. आवाजही चढवला नाही. त्यांनी सांगितले, की अस्मिता आत्ता कुठल्या घरी आहे, त्या इमारतीला जिना किती अंधारा आहे, आणि ती तिथून दोन वाजता निघणार आहे. हे तिनेच कोणाला तरी फोनवर कळवले होते आणि ते फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आले होते. मग त्यांनी हात पुढे केला, तळवा वर. परतीचे सोने घेण्यासाठी करतात तसाच.

"एक तास, श्रीधर. दोनच्या आत तुमच्याकडे."

श्रीधर देवघराकडे आले.  त्यांनी मला उचलले तेव्हा समई हलली आणि तेल थोडे सांडले. ते त्यांनी पुसले नाही. आपट्याच्या पानासोबत मी साहेबांच्या तळव्यावर गेलो.

मुद्देमाल खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदाच गेलो. एरवी शिक्क्याचे तिथे काम नसते. ठाण्याच्या आवारात त्या वेळी शस्त्रपूजन चालू होते. सगळे बंदुकांना हळदकुंकू लावत होते. आत एकच माणूस होता. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण खटला चालू आहे. त्याने खिडकीतून मला घेतले, एका पिशवीची मोहोर फोडली, पांढरी पावडर दुसऱ्या पोत्यात ओतली आणि तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी पावडर भरली. सुतळी बांधली. लाख ठिबकवली. माझे तोंड ओले केले.

मित्रांनो, वस्तूंना नाही म्हणता येत नाही. त्याने दाबले आणि मी उमटलो. पण उमटलो तो मात्रेसकट. लाखेवर स्वच्छ अक्षरांत 'पुणे' आले, अकरा वर्षांनी पहिल्यांदा. मी वाट पाहिली, की आता तो शेजारच्या पिशवीशी ताडून पाहील. त्याने पाहिले नाही. तो गाठ घट्ट आहे की नाही, एवढेच पाहत होता. घाईत मात्रेकडे कोण बघतो? दुसरी पिशवी झाली, तिसरी झाली. चौथ्या मोहोरेची लाख पुरती थिजली नव्हती तेव्हा बाहेर पेढे वाटायला सुरुवात झाली आणि कोणीतरी त्याला हाक मारली. त्याने पोते सरकवले, मला खिडकीबाहेर दिले आणि पेढा घ्यायला गेला.

पावणेदोनला मी श्रीधरांच्या हातात परत होतो. साहेबांनी शब्द पाळला होता. सव्वादोनला अस्मिता घरी आली.

जेवताना श्रीधरांनी ताटाला हात लावला नाही. अस्मिताने विचारले आणि त्यांनी सगळे सांगितले, साहेबांच्या पहिल्या चहापासून. मंदाकिनीबाई वाढता वाढता थबकून उभ्याच राहिल्या.  मग अस्मिताने तिच्या ऑफिसातल्या मैत्री नावाच्या मुलीचा विषय काढला. मैत्री तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. वीकेंडच्या पार्टीत एकदा तिने ही पावडर घेतली, मग सोमवारी घेतली, मग मीटिंगच्या आधी. तीन महिन्यांपासून तिची खुर्ची रिकामी आहे आणि तिची आई रोज फोन करून विचारते, की तिथे कोणी तिला शोधू शकेल का.

"बाबा, त्यांना माझी बस माहीत आहे म्हणून तू शिक्का दिलास. उद्या ते दुसरं काहीतरी मागतील आणि बस तीच असेल. मग?"

"मग काय करू? तूच सांग."

"मी नाही सांगणार. पाण्याची पातळी तू वाचतोस, मी नाही."

श्रीधर ताटावरून उठले आणि मला समोर ठेवून बसले. चष्मा कपाळावर चढवला. खिडकीच्या उजेडात त्यांनी माझे तोंड वळवले आणि तेव्हा त्यांना ती दिसली. उलट्या अक्षरांवरची उघडी, स्वच्छ रेघ. त्यांनी मंदाकिनीबाईंना विचारले, की घासताना यातला मळ काढला होता का. त्यांनी केसातली पिन दाखवली. श्रीधरांनी डोळे मिटले. नेमके गृहस्थ होते; त्यांना सगळे एका क्षणात कळले. सप्तमीला बांधलेल्या पिशव्यांवर मात्रा असूच शकत नाही. ज्या पिशवीवर ती असेल ती दसऱ्याला उघडलेली. आणि हे सांगणारी ओळ पंचनाम्यात त्यांच्याच अक्षरांत, त्यांच्याच सहीने लिहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वीसची बस अस्मिताशिवाय गेली. ती वडिलांसोबत रिक्षाने न्यायालयात आली.

न्यायदंडाधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या. टेबलावर नऊ पिशव्या मांडल्या होत्या. त्यांनी पंचनामा उघडला, शेवटच्या पानावरचा माझा नमुना पाहिला आणि बाजूची ओळ मोठ्याने वाचली. मग एकेका पिशवीवर भिंग धरले. पहिली. दुसरी. तिसऱ्या पिशवीपाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी उरलेल्या पिशव्या पाहिल्या आणि चार बाजूला काढल्या. दत्तोबा पुढे झाले, वाकून पाहिले, आणि त्यांचा रंग गेला. अठ्ठावीस वर्षे त्यांनी मला दाबले होते; मात्रा असलेली माझी खूण त्यांनाच अनोळखी झाली होती.

"पंच कोण आहेत?" बाईंनी विचारले. "या चार मोहोरांवर शब्द शुद्ध आहे. तुम्ही तर लिहिलं आहे, की मात्रा उमटत नाही. तुमचं लिहिणं चुकलं का?"

मित्रांनो, इथे एक दार उघडे होते. घाईत नीट दिसले नाही, एवढे श्रीधरांनी म्हटले असते तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. लाखेवर अक्षर कमीजास्त उठते. ओळ खोडली गेली असती, नऊ पिशव्या सरसकट तपासणीला गेल्या असत्या, चारमध्ये काही सापडले नसते, आणि आरोपींच्या वकिलाने उरलेल्या पाचांवरही संशय घ्यायला सुरुवात केली असती. रविराजसाहेब मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी अस्मिताकडे पाहिले आणि मग श्रीधरांकडे.

श्रीधरांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. ठेवताना आवाज झाला.

"लिहिणं बरोबर आहे. अशुद्ध आहे ते खरं आहे आणि शुद्ध आहे ते खोटं," ते म्हणाले. "नवमीला माझ्या पत्नीने हा शिक्का घासला. दसऱ्याला दुपारी बारा ते पावणेदोन हा माझ्याकडे नव्हता. मी दिला होता. कोणाला दिला ते लिहून घ्या."

त्यांनी नाव सांगितले. मागच्या बाकावरून कोणीतरी उठले, पण दाराशी दत्तोबा जाऊन उभे होते.

मित्रांनो, त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. बिनमात्रेच्या पाच पिशव्यांमधून नमुने निघाले आणि प्रयोगशाळेत गेले. त्यांत जे असायचे तेच निघाले. चार पिशव्यांमध्ये दुसरीच पावडर होती. ठाण्यातला तो माणूस आणि रविराजसाहेब कोठडीत गेले. साहेब सध्या येरवड्यात आहेत. जब्बारभाईंना साक्षीला बोलावले. आता ते सत्तरी ओलांडलेले, हात कापतो, पण भिंग लावल्यावर कापत नाही. ही मात्रा नंतर कोणी कोरली का, असे त्यांना विचारले. त्यांनी मला बराच वेळ पाहिले. "मात्रा माझीच आहे," ते म्हणाले. "नवी नाही. सुई मारायला सांगितली होती. आत्ता कुणीतरी मारली."

श्रीधरांनाही मोकळे सोडले नाही, आणि ते बरोबरच आहे. ते निलंबित आहेत. त्यांच्यावर वेगळी चौकशी चालू आहे. निवृत्तीला सात महिने उरले होते. एकतीस वर्षांच्या नोंदीत पहिली खाडाखोड त्यांच्या स्वतःच्या नावापुढे झाली. अस्मिताच्या बसथांब्यावर दोन महिने एक साध्या कपड्यातली महिला शिपाई उभी राहत असे. आता नसते. अस्मिता अजून त्याच बसने जाते. मैत्री अजून सापडलेली नाही.

आणि मी? माझे काम संपले. मी आता स्वतःच पुरावा आहे. एका खाकी लिफाफ्यात मी पडलेला असतो, लिफाफ्याच्या गाठीवर दुसऱ्या कुठल्या तरी शिक्क्याची लाख आहे, आणि तो नवा, तरणा शिक्का रोज माझ्या वतीने सांगतो, की आत कोणी हात घातलेला नाही. ते ऐकताना मला माझे दिवस आठवतात. त्याच्या मात्रेत अजून काही अडकले नसेल.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी विनंती करतात, की आम्हाला स्वच्छ ठेवा, आमची निगा राखा. माझी विनंती वेगळी आहे. ज्या वस्तूवर दुसऱ्यांचा विश्वास ठेवलेला असतो ती तासाभरासाठीही कोणाच्या हातावर ठेवू नका, तो हात कितीही ओळखीचा असला तरी. आणि दिली गेलीच, तर दिली म्हणून सांगा. उशीर झाला तरी चालेल.

दुसरे एवढेच. त्या चार खोट्या मोहोरांची थोडी लाख माझ्या मात्रेत राहिली आहे, केसाएवढी. खटला अजून संपायचा आहे आणि ती लाख साक्षीदार आहे. पुढे कधी मी तुमच्यापैकी कोणाच्या हाती आलो, तर माझा काळेपणा पाहून चिंच भिजत घालू नका. घरातले बाकीचे पितळ खुशाल घासा.

मला राहू द्या, जसा आहे तसा.